दमा असताना दातांना तारा लावायच्या असतील तर...

वाकडे किंवा पुढे आलेले दात सरळ करण्यासाठी तारा लावण्याचे उपचार साधारणपणे दीड ते दोन वर्षे चालतात. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा येथील एखाद्या कुटुंबात मुलाला दमा असेल आणि त्याच्या दातांना तारा लावण्याचे ठरले असेल, तर पालकांच्या मनात या दोन गोष्टींचा संबंध सहसा येत नाही. गोंदिया हा भाताचा आणि राईस मिलचा जिल्हा आहे. धान्याची धूळ दम्याचा त्रास वाढवू शकते, हे इथल्या घरांना ठाऊक असते. मात्र दम्याचे औषध एका डॉक्टरांकडे आणि दातांचे उपचार दुसऱ्यांकडे चालतात व एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचणे आवश्यक आहे.

मुळे का झिजतात?

तारेच्या दाबामुळे दाताच्या मुळाभोवतीच्या अस्थिबंधात सौम्य दाह निर्माण होतो. दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, विरुद्ध बाजूला नवे हाड तयार होते आणि दात सरकतो. या प्रक्रियेत काही वेळा मुळाचे टोकही थोडे विरघळते. बहुतेक रुग्णांत ही झीज किरकोळ असते, परंतु काहींमध्ये मूळ लक्षणीय आखूड होते. झिजलेली लांबी पुन्हा भरून येत नाही. मात्र तारा काढल्यावर झीज साधारणतः थांबते. या झिजेमुळे सहसा वेदना होत नाहीत, म्हणून ती क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही.

दम्याचा संबंध

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकालीन दाह आहे. या दाहातील काही रासायनिक द्रव्ये हाड विरघळवणाऱ्या पेशींनाही चालना देतात. त्यामुळे दम्याच्या रुग्णांत मुळांची झीज अधिक होत असावी, असा तर्क आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९९ मध्ये दमा असलेल्या ४४ आणि निरोगी ९९ रुग्णांच्या दाढांची तुलना प्रसिद्ध केली. दम्याच्या रुग्णांत मुळांची टोके बोथट होण्याचे प्रमाण अधिक आढळले. वरच्या दाढांवर परिणाम विशेष दिसला. मात्र मध्यम व तीव्र झिजेचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. दमा हे धोक्याचे एक संभाव्य कारण असले, तरी सिद्ध झालेले एकमेव कारण नाही. मुळांचा मूळचा आकार, दातांना पूर्वी झालेली इजा, दाबाचे प्रमाण आणि उपचारांचा कालावधी यांचाही वाटा असतो.

काय काळजी घ्यावी?

* पहिल्याच भेटीत दंतवैद्यांना दमा, ॲलर्जी आणि चालू औषधे सांगावीत. दमा आटोक्यात नसेल, तर आधी तो आटोक्यात आणावा.

* उपचारांपूर्वी मुळांचे क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. साधारण सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी करण्याबाबत दंतवैद्यांना विचारावे.

* झीज आढळल्यास दंतवैद्य दोन-तीन महिने दाब थांबवतात, तो कमी करतात किंवा उपचारांचे उद्दिष्ट मर्यादित ठेवतात. हा विराम मान्य करावा, घाई करू नये.

* तारेच्या भीतीने इनहेलर बंद करू नये. स्टिरॉइडयुक्त इनहेलर घेतल्यावर चूळ भरावी.

* दात दुखल्यास स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. दम्याच्या काही रुग्णांत या औषधांमुळे दम्याचा झटका येऊ शकतो.

* दवाखान्यात जाताना त्वरित आराम देणारा इनहेलर सोबत ठेवावा.

कुडव्यातून नागपूरसारख्या दूरच्या शहरात उपचार घेणाऱ्यांनी क्ष-किरण चित्रे आणि औषधांची चिठ्ठी एकाच फाइलमध्ये ठेवावी. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. उपचार मध्येच दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यावे लागले, तरी ही फाइल उपयोगी पडते.

दमा आहे म्हणून दात सरळ करता येत नाहीत, असे नाही. मात्र ही गोष्ट दंतवैद्यांना आधी सांगितली, तर मुळांची झीज वेळेत ओळखता येते. सांगितली नाही, तर ती बरेचदा उपचार संपल्यावरच लक्षात येते.