व्यंगरेषेचा लोकाश्रय



स्मृतिव्याख्यानासाठी राजकारण, साहित्य किंवा शिक्षण यांपैकी एखादा विषय घेण्याची प्रथा आहे. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो माणूस या तिन्ही क्षेत्रांच्या कडेला उभा असतो. मासिकांची मुखपृष्ठे रंगवणारा, कथांना चित्रे काढून देणारा, हास्यचित्रांवर चरितार्थ चालवणारा हा मुक्त व्यवसायी चित्रकार. त्याला पगार नाही, पद नाही, निवृत्तिवेतनही नाही. तरीही लोकशिक्षणाच्या कार्यात त्याचा वाटा मोठा आहे, आणि तो आपण क्वचितच मोजतो. त्याच्या इतिहासाकडे मी एकच प्रश्न घेऊन पाहणार आहे : चित्रकाराला आश्रय कोणी दिला, आणि त्या आश्रयामुळे त्याचे चित्र कोणापर्यंत पोहोचले?

या प्रश्नाचा आरंभ करण्यास दांडिया बाजारासारखे दुसरे ठिकाण नाही. येथील तांबेकर वाडा आपल्या नित्य परिचयाचा आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचे हे निवासस्थान. लाकडी बांधणीच्या या वाड्याच्या आतील भिंती एकोणिसाव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत. महाभारतातील प्रसंग आहेत, कृष्णलीला आहेत, इंग्रज-मराठ्यांच्या लढाया आहेत, आणि गोऱ्या स्त्रीपुरुषांच्या आकृतीही आहेत. भिंतीचे चौकटींत विभाजन करून प्रसंगामागून प्रसंग मांडण्याची ही रीत पाहिली, की आजच्या चित्रकथेचे मूळ आपल्याच घरात किती जवळ होते हे ध्यानात येते. वाडा आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि कोणीही तेथे जाऊ शकतो. पण ही चित्रे काढली गेली तेव्हा ती वरच्या मजल्यांवरील दालनांत होती. ज्याला दिवाणांच्या बैठकीत प्रवेश, त्यालाच चित्रांचे दर्शन. चित्रकाराचे पोट भरले; बाजारातून जाणाऱ्या माणसाला मात्र त्या चित्राचा उपयोग नव्हता.

हे चित्र वाड्याबाहेर आणण्याचे पहिले मोठे काम बडोद्यातच झाले. १८७५ साली गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवनाची स्थापना केली. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेत चित्रकलेला रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या अशा उपयुक्त विद्यांच्या पंगतीत स्थान मिळाले. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले धुंडिराज गोविंद फाळके येथेच शिकले. १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात लागू झाले. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. त्या खात्याची एक शाखा केवळ दृश्यशिक्षणासाठी होती. ग्रंथपेट्या गावोगाव जात, त्याचप्रमाणे त्रिमितीय छायाचित्रे आणि जादूच्या कंदिलाचे खेळही लोकांपर्यंत नेले जात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ज्ञानाचा अधिकार आहे, हा विचार त्यामागे होता. मात्र आश्रय राज्याचाच राहिला. खाते काय दाखवील ते लोकांनी पाहायचे, आणि खात्याचा आधार गेला तर त्या कामाचाही आधार जायचा.

खात्याबाहेर, स्वतःच्या हिमतीवर उभा राहणारा चित्रकार आपल्याकडे निर्माण झाला तो नियतकालिकांमुळे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरात दरवर्षी रंगीत मुखपृष्ठ येण्याची प्रथा पडली. पुढे ‘किर्लोस्कर’चे संपादक शं. वा. किर्लोस्कर यांनी आपल्या कुंचल्यातून सामाजिक रूढींवर टीका केली. पण त्यांच्या पाठीशी स्वतःचे मासिक होते. मुक्त व्यवसायी चित्रकाराच्या पाठीशी काहीच नसते. एक चित्र स्वीकारले गेले तर त्याचे मानधन, नाकारले गेले तर श्रम वाया. अशा व्यवसायात राहून समाजाचे काम करता येते काय?

याचे उत्तर शि. द. फडणीस यांच्या कारकिर्दीत मिळते. २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शालेय शिक्षण आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत उपयोजित कलेचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी नोकरीपेक्षा स्वतंत्र व्यवसाय पत्करला. संपादक अनंत अंतरकर यांनी ‘हंस’ व ‘मोहिनी’ या मासिकांतून त्यांना वाव दिला. एकाच्या कपड्यावर उंदरांची नक्षी आणि शेजारच्याच्या कपड्यावर मांजरांची, एवढ्यावर उभे असलेले ‘मोहिनी’चे मुखपृष्ठ अनेकांना अजून आठवते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’लाही त्यांचीच चित्रे आहेत. त्यांची बहुतेक हास्यचित्रे शब्दांवाचून बोलतात. ज्या शहरात एका गल्लीत मराठी आणि दुसऱ्या गल्लीत गुजराती बोलली जाते, तेथील वाचकाला या गुणाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मथळा वाचता न येणारा शेजारीही त्याच क्षणी हसतो.

परंतु मला त्यांचे सर्वांत मोठे सामाजिक कार्य मुखपृष्ठांत दिसत नाही, ते ‘बालभारती’च्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत दिसते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची पुस्तके महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या शाळांत जात. गणिताच्या पुस्तकासाठी चित्र काढणे हे वरवर दुय्यम काम वाटते. प्रत्यक्षात त्याच्या अटी कडक असतात. मुखपृष्ठावर पक्षी एखादा जास्त झाला तर कोणाचे बिघडत नाही. वजाबाकीच्या उदाहरणात एक पक्षी जास्त झाला तर मुलाचे उत्तर चुकते. चित्र नीरस असेल तर मूल त्याकडे पाहत नाही, आणि फार करमणूक करणारे असेल तर गणित विसरते. विनोद एवढाच हवा, की मुलाने पुन्हा पाहावे आणि पुन्हा पाहताना मोजावे. गणिताची भीती घालवण्याचे हे काम ज्या असंख्य मुलांपर्यंत पोहोचले, त्यांपैकी फारच थोड्यांना चित्रकाराचे नाव ठाऊक असेल.

दुसरे उदाहरण पुण्याचे मंगेश तेंडुलकर यांचे. नाटककार विजय तेंडुलकर यांचे हे धाकटे बंधू. व्यंगचित्रांबरोबर त्यांनी नाट्यसमीक्षाही लिहिली. त्यांचे ‘संडे मूड’ हे लेख व व्यंगचित्रांचे पुस्तक वाचकप्रिय ठरले. पण पुणेकरांच्या मनात त्यांची जी मूर्ती राहिली आहे ती चौकातील. वर्षानुवर्षे दिवाळीच्या सुमारास ते रहदारीच्या चौकात उभे राहत आणि वाहनचालकांच्या हातात वाहतुकीच्या शिस्तीवरील व्यंगचित्रांची शुभेच्छापत्रे देत. जुलै २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे उतारवयातही हे व्रत चालले होते. सिग्नलचा लाल दिवा किती वेळ टिकतो? तेवढ्या अवधीत जे चित्र समजते तेच कामाचे. उपदेशाचा फलक आपण न वाचता पुढे जातो. पण एखादा वृद्ध कलावंत हसतमुखाने आपल्या हातात आपलेच व्यंग ठेवतो, तेव्हा ते घरी नेऊन चारचौघांना दाखवावेसे वाटते. दंडाची पावती आणि हे शुभेच्छापत्र, दोन्हींचा विषय एकच असतो. मनावर होणारा संस्कार मात्र वेगळा असतो.

या प्रवासाचा पुढचा टप्पा महाराष्ट्राबाहेरचा आहे, पण येथे तो सांगितल्यावाचून विषय पूर्ण होत नाही. दिल्लीचे व्यंगचित्रकार शरद शर्मा यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’च्या द्वारे गावकऱ्यांनाच चित्रकथा काढण्यास शिकवण्याचे काम हाती घेतले. पद्धत अत्यंत साधी. आपल्या गावातील एक प्रश्न घ्यायचा, त्याची गोष्ट चार चौकटींत बसवायची, दोन कागद जोडून त्यावर ती काळ्या शाईने काढायची, छायाप्रती काढायच्या, आणि चहाची टपरी, बस थांबा, शाळा अशा ठिकाणी भिंतीवर डकवायच्या. फिनलंडचे लेफ पाकालेन यांच्यासह त्यांनी या पद्धतीवर लिहिलेले पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे चित्रकार स्वतः मागे सरतो. रेषा कच्ची असते, हातपाय प्रमाणात नसतात. पण गोष्ट ज्याची असते त्याच्याच हातची असते, आणि म्हणून शेजारी ती थांबून वाचतो.

श्रोतेहो, दिवाणांच्या भिंतीवरून निघालेले चित्र असे पुन्हा भिंतीवर आले आहे. मात्र ही भिंत रस्त्यावरची आहे. आश्रयदाता बदलत गेला तसा प्रेक्षकही वाढत गेला. या वाढीची किंमत कोणी दिली, हे मात्र आपण विचारत नाही. राजाश्रय गेला, लोकाश्रय आला असे आपण अभिमानाने म्हणतो. पण लोकाश्रय म्हणजे केवळ कौतुक नव्हे. संस्था, मंडळे आणि शाळा चित्रकाराकडे जातात ते बहुधा ‘समाजकार्य आहे, मानधनाचे काही नाही’ असे सांगत. छापखान्याचे देयक चुकते होते, कागदवाल्याचे होते. ज्याच्या रेषेमुळे पत्रक वाचले गेले त्याच्या वाट्याला श्रीफळ येते. १९५७ च्या कायद्याने चित्रालाही ग्रंथाप्रमाणेच संरक्षण दिले आहे. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे ते टिकते, आणि आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही कायदा मानतो. कायदा जे मानतो ते आपण व्यवहारात मानत नाही, ही खंत आहे.

आपली शाळा याबाबतीत छोटासा पायंडा पाडू शकते. वार्षिक अंकातील प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव छापावे. बाहेरून चित्र घेतल्यास अल्प का होईना, मानधन द्यावे. आणि वर्षातून एकदा मुलांना तांबेकर वाड्यात नेऊन, परत आल्यावर आपल्या गल्लीतील एखाद्या प्रश्नाची चार चौकटींची गोष्ट काढावयास सांगावे. त्यांतील एखादा मुलगा वा मुलगी पुढे हाच बिनभरवशाचा व्यवसाय पत्करील. त्या वेळी समाज त्याच्या पाठीशी उभा असेल, एवढी तजवीज आपण आज करू या.