घरच्या घरी वेल्डिंग: मशीन स्वस्त झालं, पण बाकीची तयारी?

रविवारी दुपारी गेटची बिजागरी तुटते. ऑनलाइन मागवलेलं नवंकोरं वेल्डिंग मशीन बाहेर निघतं. एका हातात काळी काच, दुसऱ्या हातात होल्डर, आणि अर्ध्या तासात काम फत्ते! बाजूला उभं राहून बघणारी पोरं आणि शेजारचे काकाही खूश. मग रात्री दोनच्या सुमारास डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखं होतं. पाणी थांबत नाही, दिव्याकडे बघवत नाही. आणि शेजारी काकांकडेही तेच चालू असतं.

पूर्वी असं घरोघरी होत नव्हतं, कारण वेल्डिंग घरी होतच नव्हतं. जुनी ट्रान्सफॉर्मरची मशीन दोघातिघांनी उचलायच्या वजनाची, बहुतेक वेळा थ्री फेज जोडणीतले दोन फेज लागणारी. ती वर्कशॉपमध्येच राहायची आणि लोक गेट घेऊन तिथं जायचे. आताचं इन्व्हर्टर मशीन चार ते आठ किलोचं असतं, घरातल्या २३० व्होल्टवर चालतं आणि खांद्याला अडकवून गच्चीवर नेता येतं. पण वर्कशॉपमध्ये मशीनशिवाय बरंच काही असायचं. जाड वायरिंग, पक्कं अर्थिंग, मोकळी हवा, भोवती न पेटणारी जमीन आणि 'ए, तिकडे बघू नको' म्हणून ओरडणारा कारागीर. खोक्यात यातलं काहीच येत नाही.

आधी वीज

घरगुती कामाला साधारण दोन रॉड लागतात. दुकानात त्यांना बारा नंबर आणि दहा नंबर म्हणतात, म्हणजे २.५ आणि ३.१५ मिलिमीटर जाडीचे. बारा नंबरला ६० ते ९० अँपिअर लागतात, दहा नंबरला ९० ते १३०. हे आकडे रॉडमधून वाहणाऱ्या करंटचे. भिंतीतल्या पॉइंटवर किती भार येतो ते वेगळं. ८० अँपिअरवर बारा नंबरचा रॉड चालवला तर मशीन घरातून साधारण १३ ते १५ अँपिअर ओढतं, म्हणजे गीझर किंवा एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट त्याला जेमतेम पुरतो. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर हे काम करूच नये. दहा नंबरचा रॉड १२० अँपिअरवर चालवायचा तर मागणी २० अँपिअरच्या पुढे जाते. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन आणि वेगळी एमसीबी घ्यावी लागते. खोक्यावर ठळक छापलेल्या '२०० अँपिअर'ला त्यामुळे फारसं भुलू नये, घरच्या पॉइंटवर तेवढा करंट मिळणारच नाही.

एमसीबी सारखी पडायला लागली की मोठी एमसीबी बसवायची हा एक लोकप्रिय उपाय आहे, आणि तो घर जाळणारा आहे. एमसीबी मशीनसाठी नसते, भिंतीतल्या वायरसाठी असते. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवली की वायर तापते आणि ते कुणाला दिसतही नाही. एक्सटेन्शन लागलंच तर तांब्याची अडीच एमएमची वायर हवी, लांब न्यायची असेल तर चार एमएमची. आणि ती पूर्ण उलगडलेली हवी. रिळावर गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही, आतलं प्लास्टिक वितळायला लागतं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ ज्यावरून होतो ती गोष्ट. मशीनमधून दोन जाड केबल निघतात, एकीला होल्डर आणि दुसरीला चिमटा. या चिमट्याला सगळे 'अर्थिंग' म्हणतात, पण तो अर्थिंग नव्हे! तो करंटचा परतीचा रस्ता आहे. माणसाला वाचवणारं अर्थिंग म्हणजे प्लगची तिसरी, जाड पिन आणि त्यामागचा जमिनीतला खड्डा. चिमटा लावला म्हणून तिसरी पिन तोडून दोन पिनांवर मशीन चालवणं म्हणजे मशीनच्या पत्र्यात फेज उतरला तर तो आपल्या अंगातून जाऊ देण्याची सोय.

चिमटा कुठं लावतात यालाही महत्त्व आहे. वेल्डिंग गेटवर आणि चिमटा जिन्याच्या रेलिंगला, असं केलं तर करंट मध्ये जे काही लोखंड असेल त्यातून वाट काढतो, मग ती बिजागरी असो, साखळी असो की घराच्या अर्थिंगची वायर. सांधा जिथं करायचा त्याच तुकड्यावर, रंग-गंज खरवडून, जवळात जवळ चिमटा लावावा. गाडीवर काम असेल तर आधी बॅटरी सोडवावी, नाहीतर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं.

घरात आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणारेही असतात. आरसीसीबी भिंतीपासून मशीनपर्यंतची गळती पकडते. होल्डरकडची बाजू मशीनच्या आत विजेच्या दृष्टीनं वेगळी केलेली असते, त्यामुळे तिथं बसलेला शॉक आरसीसीबीला कळतच नाही. वेल्डिंग चालू नसताना होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यात ते जाणवत नाहीत, पण घामानं भिजलेला शर्ट, ओली फरशी आणि लोखंडावर टेकलेला गुडघा एकत्र आले तर तेवढे व्होल्ट जीव घ्यायला पुरतात. पावसाळ्यात उघड्या गच्चीवर किंवा ओल्या अंगणात काम पुढं ढकललेलंच बरं. रॉड बदलतानाही चामड्याचे कोरडे हातमोजे हवेत. पेसमेकर बसवलेल्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळही येऊ नये.

डोळ्यांचं काय होतं?

आर्कच्या उजेडात अतिनील किरण असतात. त्यांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो, उन्हानं त्वचा भाजते तसाच. फरक एवढाच की त्या क्षणी काही दुखत नाही. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून दुपारचं वेल्डिंग मध्यरात्री उठवतं. रॉड टेकवतानाच्या दोन-चार चमका काचेशिवाय बघितल्या तरी त्यांची बेरीज होत जाते.

उन्हाचा गॉगल इथं काही कामाचा नाही. काचेवर शेड नंबर असतो, घरगुती करंटसाठी १० किंवा ११ नंबर हवा. हातात धरायच्या काचेपेक्षा डोक्यावर बसणारं हेल्मेट केव्हाही चांगलं, कारण एक हात मोकळा राहतो आणि काच बाजूला सारून नेम धरायची सवय लागत नाही. आपोआप काळं होणारं हेल्मेट आता परवडण्यासारखं झालं आहे. मशीनवर थोडे कमी खर्चून ते घ्यावं. मागे पांढरी भिंत असेल तर तिच्यावरून परतणारे किरण हेल्मेटच्या मागून शिरतात. आणि बघ्यांसाठी कामाच्या भोवती पत्रा उभा करावा. गळ्याची उघडी बटणंही लावून घ्यावीत, तिथली कातडीही भाजते.

इतकं करूनही त्रास झालाच तर अंधाऱ्या खोलीत थंड पाण्याची पट्टी ठेवावी, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढाव्यात आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठावं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत पडदा भरून येतो. बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी यांनी तो भरत नाही, उलट जंतुसंसर्गाची भीती असते. डोळा बधिर करणारे थेंब तर स्वतःहून टाकूच नयेत. त्यांनी वेदना थांबते, पण जखम भरायला उशीर होतो. वेल्डिंग करताना कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळाला चिकटून बसली, असा एक जुना फॉरवर्ड फिरत असतो. तो खोटा आहे.

धूर आणि चमकणारा पाइप

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. महिन्यातून एकदा गेट जोडणाऱ्यानं घाबरून जायचं कारण नाही, पण बंद खोलीत हे काम नकोच. वारा बाजूनं येईल असं उभं राहावं आणि डोकं धुराच्या झोतात घालू नये.

जीआय पाइप आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा हा मात्र खास धोका. त्यावरचा जस्ताचा थर ९०७ अंशांना उकळतो, आर्क तर त्याच्या कितीतरी पट गरम. पांढरा धूर निघतो, आणि काही तासांनी थंडी वाजून ताप, तोंडाला धातूची चव, अंगदुखी. बऱ्याच जणांना हा मलेरिया किंवा फ्लू वाटतो. सुट्टीनंतर पुन्हा कामाला लागलं की जास्त जाणवतो, म्हणून कारखान्यांत त्याला सोमवारचा ताप असंही नाव पडलं. आधी दूध प्यायलं की बाधत नाही हा समज चुकीचा आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा थर घासून काढायचा आणि काम मोकळ्यावर करायचं, हाच उपाय. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं पुसलेला भाग तर वेल्डिंगला घेऊच नये. आर्कजवळ त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू बनू शकतो. पेट्रोलची टाकी, तेलाचं किंवा रंगाचं रिकामं पिंप यांनाही हात लावायचा नाही. ती रिकामी दिसतात, पण आतली वाफ स्फोट करते.

ठिणग्या

ठिणग्या दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. पायऱ्यांखाली ठेवलेली रद्दी, वाळत घातलेले कपडे, उभी दुचाकी, गॅस सिलिंडर, सगळं आधी हलवावं. अंगावर जाड सुती कपडे किंवा जीन्स हवी. नायलॉन आणि टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतात. पॅन्टचे पाय दुमडू नयेत, ठिणगी नेमकी त्या घडीत बसते. पायात बंद चामडी बूट असावेत. स्लॅग, म्हणजे सांध्यावरचं काळं कवच, हातोडीनं उडवताना बरेच जण हेल्मेट वर करतात आणि गरम कपची थेट डोळ्यात जाते. तेव्हा पांढरा गॉगल लागतोच.

आग काम चालू असतानाच लागते असं नाही. भुसा, चिंधी, गवत धुमसत राहतं आणि सगळे जेवायला बसल्यावर पेट घेतं. म्हणून शेवटचा रॉड संपल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, पाण्याची बादली किंवा वाळू घेऊन तिथंच थांबावं. पाणी मात्र मशीन बंद करून प्लग काढल्यावरच वापरायचं. उरलेला रॉड होल्डरमधून काढून ठेवावा आणि सांध्याशेजारी खडूनं 'गरम' असं लिहावं. लाली गेलेलं लोखंड थंड लोखंडासारखंच दिसतं, आणि गेटला हात सगळ्यात आधी पोरंच लावतात.