पोलीस रेझिंग डे प्रदर्शन : बंदुकीसोबत फोटो झाला की पुढच्या टेबलांवरही थांबा

दरवर्षी २ ते ८ जानेवारी हा आठवडा राज्यभर पोलीस रेझिंग डे सप्ताह म्हणून पाळला जातो. २ जानेवारी १९६१ रोजी तत्कालीन पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज मिळाला, त्याची ही आठवण. या आठवड्यात पोलीस मुख्यालयात, तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, कधी शाळेच्या मैदानावर प्रदर्शन भरतं. एरवी पोलीस ठाण्याची पायरी चढायला माणूस कचरतो. या दिवसांत मात्र पोलीसच या, बघा, विचारा म्हणतात.

सगळ्यात मोठी गर्दी शस्त्रांच्या टेबलापुढे. एसएलआर, इन्सास, एके-४७, ९ एमएम पिस्तूल, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडायची गन हे सगळं मांडलेलं असतं. एसएलआर ७.६२ मिमीची आणि इन्सास ५.५६ मिमीची, हा फरक पोरं तोंडपाठ करून येतात. बघायला हरकत नाही, पण गावातल्या माणसाला या टेबलाचा उपयोग फोटोपुरताच. बॉम्ब शोधक व नाशक पथकाचा जाडजूड सूटही बघून घ्यावा. त्यांचं सांगणं एका ओळीचं : बेवारस पिशवी, डबा दिसला तर हात लावू नका, लांब व्हा आणि कळवा.

खरं थांबायचं ते श्वान पथक आणि अंगुलीमुद्रा विभागापाशी. कुत्रा रुमाल हुंगून माणूस शोधतो तेव्हा टाळ्या पडतात. पण प्रात्यक्षिक मोकळ्या मैदानावर असतं आणि चोरी झालेलं घर तसं राहत नाही. गावात घरफोडी झाली की अर्ध्या तासात आख्खी आळी घरात. कोणी कपाट लावतो, कोणी सांडलेले डबे उचलतो, कोणी कुलूप हातात घेऊन बघतो. मग कुत्र्याने वास घ्यायचा तरी कोणाचा? चोर गाडीवर बसून गेला असेल तर माग बहुतेक वेळा रस्त्यापर्यंतच जातो. पण तो रस्ता कोणता, हे कळणं तपासाला लाख मोलाचं.

बोटांच्या ठशांचंही तसंच. ठसा गुळगुळीत वस्तूवर चांगला उमटतो : काच, स्टीलचा डबा, लोखंडी कपाटाचं दार. खडबडीत दगडावर, शेणाने सारवलेल्या भिंतीवर तो मिळणं अवघड. पावडर आणि ब्रशने तो कसा उठवतात हे टेबलावर करून दाखवतात, आपल्या बोटाचा काढून बघता येतो. जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र १८९७ साली आपल्याच देशात, कलकत्त्यात सुरू झालं. तेव्हा चोरी झाली की घराला बाहेरून कडी घालायची, दारात दोन माणसं उभी करायची आणि पोलीस येईपर्यंत आत कोणाला सोडायचं नाही. पोलीस पाटलांनी तरी एवढं बघावं.

आता ११२. या नंबरावरून पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका अशी तिन्ही मदत मागता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ वेगळा आहेच. पण गावाकडच्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ११२ चा फोन आपल्या तालुक्याच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि पुढे जवळच्या पोलीस गाडीतल्या टॅबवर जाते. फोन घेणाऱ्याला तुमची वस्ती माहीत नसते. पिंपळगाव, वडगाव या नावाची गावं राज्यात किती तरी. म्हणून गावाबरोबर तालुका आणि जिल्हा सांगायचाच. मळ्यात राहत असाल तर मोबाईलचं लोकेशन थोडं इकडेतिकडे दाखवू शकतं, त्यामुळे 'कॅनॉलच्या पुलापासून उजवीकडे, पाण्याच्या टाकीजवळ' अशी खूण द्या. समोरचा प्रश्न विचारतोय म्हणून चिडून फोन ठेवू नका. गाडीतून पोलिसांचा परत फोन येतो, तोही उचला. गंमत म्हणून खोटा फोन केला तर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे घरातल्या पोरांना सांगून ठेवलेलं बरं.

काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणाही आहे. एका टोल फ्री नंबरावर फोन केला की गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाईलवर एकाच वेळी तो आवाज जातो. चोर आले, बिबट्या दिसला, आग लागली, तर त्याचा उपयोग होतो. आपल्या गावाची नोंद आहे का, हे त्या टेबलावरच विचारावं.

सायबरच्या टेबलावर गर्दी कमी, आणि खिशाला फटका तिथल्याच विषयात जास्त. व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका, पीएम किसानचा हप्ता, गाडीचं चलन अशा नावाने एपीके फाईल येते. ती उघडून इन्स्टॉल केली की मोबाईलमधले मेसेज, ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये असते, तिला अॅप लागत नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात 'डिजिटल अरेस्ट' म्हणून धमकावणारे भामटे असतात. कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही.

पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन. चोरटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतात. रक्कम बाहेर काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ती गोठवता येते. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसला की हातचं जातं. फोन करताना बँकेचं नाव, व्यवहाराचा नंबर, रक्कम आणि वेळ जवळ ठेवावी. मोबाईल हरवला असेल तर सीईआयआर पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो, त्याला आयएमईआय नंबर लागतो. *#०६# दाबून तो आजच वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर कुठून बघणार?

वाहतूक शाखेकडे श्वासाने दारू तपासायचं यंत्र फुंकून बघता येतं. ऊस वाहतुकीचे दिवस असल्याने ट्रॅक्टर-ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायची मोहीमही याच सुमारास चालते. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी देणाऱ्यांनी मात्र इथे पाच मिनिटं थांबावं. मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

शेवटी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर तक्रारीचं विचारून घ्या. मोटार, केबल, शेळ्या चोरीला गेल्या तरी बरेच जण साधा अर्ज देऊन घरी येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यायची. पाणबुडी मोटारीच्या नंबर प्लेटचा फोटो आणि खरेदीची पावती आधीपासून मोबाईलमध्ये असेल तर सापडलेली मोटार आपलीच आहे हे सांगणं सोपं जातं.