माउलींची विराणी आणि आत्याची कॅसेट

आमच्या केंदूरला प्रेमाची आणि ताटातुटीची गोष्ट निघाली की सगळ्यांची बोटं शेजारच्या पाबळकडे वळतात. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं इनाम दिल्याचं सांगतात. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले. त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. तिनं विष घेतलं असं कुणी म्हणतं, धसक्यानं गेली असं कुणी म्हणतं. ती स्वतः गाणारी, नाचणारी बाई. पण तिचं दुःख आपण ऐकतो ते दुसऱ्यांच्या तोंडून.

मी आज मस्तानीची कथा सांगायला बसलेली नाही. बाईचं दुःख बाईच्या गळ्यातून ऐकलं की काय होतं, ते मला एका कॅसेटनं शिकवलं. ती कॅसेट होती ‘ज्ञानेश्वर माउली’. गाणारी लता मंगेशकर, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या.

कॅसेट माझ्या आत्याची. आत्या माहेरी परत आलेली होती. नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिली नाही आणि नांदायलाही नेलं नाही. अशा बाईला गावात काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. चुलत्यानं मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा घरात दोन गोष्टींवर बंदी होती, सिनेमाची गाणी आणि लावणी. तरण्या बाईनं, त्यातून टाकलेल्या बाईनं, प्रेमाची गाणी ऐकायची म्हणजे काय! पण माउलींच्या अभंगांना कोण नाही म्हणणार? पहाटे चुलीला जाळ घातला की आत्या ती कॅसेट लावायची. आणि त्यातलं एकच गाणं पुन्हा पुन्हा.

ते गाणं म्हणजे ‘घनु वाजे घुणघुणा’. ही विराणी आहे. विराणी म्हणजे विरहिणीचं गाणं, ज्याची वाट पाहते तो न आलेल्या बाईचं. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली आणि १२९६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, आळंदीला समाधी घेतली. त्यांच्या नावावर जी अभंगांची गाथा आहे, तिच्यात या विराण्या आहेत. (ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एकच की दोन, यावर पंडितांनी शंभर वर्षांहून जास्त वाद घातलाय. तो त्यांनी घालत बसावा.) माझ्या दृष्टीनं नवल वेगळंच आहे. लग्न न केलेला, संन्याशाचा पोर म्हणून हिणवला गेलेला एक तरुण, देवाची ओढ सांगायला बाईचं सोंग घेतो. आणि सोंग तरी किती बारकाव्याचं! आभाळ गडगडतंय, वारा सुटलाय, आणि थंड पडावं म्हणून लावलेलं चंदनच अंगाला पोळतंय. फुलांची शेज विस्तवासारखी लागते. शेवटी ती आरशात पाहते, तर तिला तिचं स्वतःचं रूप दिसत नाही.

दुसऱ्या एका विराणीत अंगणापलीकडे कावळा ओरडतो. कावळा ओरडला की पाहुणा येतो, हे आपण अजून मानतो. ती बाई त्या कावळ्याला दहीभात कबूल करते, पाय सोन्यानं मढवते म्हणते, फक्त त्यानं खरं सांगावं. हे सगळं ती कुणाला सांगते? तर सखीला. या गाण्यांत ‘गे’ आणि ‘वो’ असे शब्द येतात. आपण ‘अगं’ म्हणतो, तसलेच ते. देवाच्या भेटीची गोष्ट, आणि ती बायकाबायकांत चाललेली.

आता रेकॉर्डकडे येते. जुन्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं बसायचं. पुढे लाँग प्ले रेकॉर्ड आली, तिच्यावर एका बाजूला वीसेक मिनिटं मावू लागली. त्यामुळे सुटं गाणं न ऐकता एका मनाची गाणी ओळीनं ऐकता येऊ लागली. हृदयनाथांनी या सोयीचं सोनं केलं. ते लतादीदींचे धाकटे भाऊ, उस्ताद अमीर खाँचे शिष्य. त्यांच्या चाली सरळ घरी येत नाहीत. आता सूर खाली टेकणार असं वाटतं, तेवढ्यात तो वर निघून जातो. बऱ्याच जणांना त्या चाली अवघड वाटतात, भजनाला उपयोगाच्या नाहीत असंही मी ऐकलंय. मला मात्र वाटतं की वाट पाहणाऱ्या बाईला हीच चाल हवी. जिला चैन नाही, तिचा सूर तरी कसा ठरल्या जागी टेकेल? आणि लतादीदी हुंदके देत नाहीत. रडू आवरून धरलेल्या बाईचा आवाज कसा असतो, तसं त्या गातात.

आमच्या गावात कान्हुराज महाराज पाठकांचं मंदिर आहे. कान्हुराज हे ज्ञानदेवांच्याच काळातले मानले जातात. तिथल्या भजनात मी विराण्या लहानपणापासून ऐकल्या होत्या, पण पुरुषांच्या गळ्यातून, टाळ-पखवाजावर. तेव्हा त्या मला फक्त देवाच्या वाटायच्या. शब्द तेच, पण बाईच्या आवाजात ऐकल्यावर त्या आत्याच्या झाल्या.

असंच काहीसं तिकडे अमेरिकेत झालं होतं. तिथल्या काळ्या लोकांच्या एका संगीताला सोल म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. चर्चमध्ये देवासाठी गायची रीत त्यांनी उचलली आणि माणसाच्या प्रेमाला, प्रेमभंगाला लावली. अरीथा फ्रँकलिन ही डेट्रॉईटच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी, बापाच्या चर्चमध्ये गात वाढलेली. १९६७ मध्ये तिची ‘आय नेव्हर लव्हड अ मॅन द वे आय लव्ह यू’ ही रेकॉर्ड आली. फसवणाऱ्या माणसावरच जीव जडलाय, असं त्या नावाच्या गाण्याचं दुखणं. त्याच रेकॉर्डवरचं पहिलं गाणं ‘रिस्पेक्ट’, म्हणजे मान. ते मुळात ओटिस रेडिंग नावाच्या गायकानं लिहिलं आणि १९६५ मध्ये गायलं होतं. कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो, असं त्याचं गाणं. अरीथानं ते स्वतः पियानोवर बसून, बहिणींची साथ घेऊन गायलं, थोडे शब्द बदलले, आणि मान मागणारी आता बाई झाली. जगभर ते तिचंच गाणं म्हणून ओळखलं गेलं.

बघा, दोघींच्या वाटा उलट्या आहेत. तिथं देवाचं गाणं माणसाच्या प्रेमाकडे आलं. इथं माउलींनी माणसाच्या प्रेमाची भाषा देवाकडे नेली होती. पण आत्यासारख्या बाया, कॅसेट लावून, ती गुपचूप परत आपल्या चुलीपाशी आणत होत्या. याची नोंद कुठल्या इतिहासात नाही, म्हणून तर मी आज बोलते आहे.

आत्याला यावरून बोलणीही खावी लागली. भजनी मंडळातले एक वडीलधारे बुवा आमच्याकडे यायचे. एकदा सकाळी त्यांनी ते गाणं तिसऱ्यांदा लागलेलं ऐकलं आणि म्हणाले, “अगं पोरी, ती विरहिणी म्हणजे जीव आणि तो म्हणजे पांडुरंग. संसारातलं रडगाणं नव्हे ते.”

आत्या भाकरी थापत होती. ती म्हणाली, “असंल दादा. पण आंगाला लावल्यालं चंदन पोळतं, हे माउलींना कुण्या बाईनंच सांगितलं असंल की.”

बुवा काही बोलले नाहीत. चहा पिऊन गेले. पुढे मात्र ते आले की स्वतःच म्हणायचे, लाव तुझं गाणं.

बुवांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. रेकॉर्डवर पसायदानही आहे, आणि आत्या तेही हात जोडून ऐकायची. पण देवाच्या नावाखाली तिला रोज पाच मिनिटं स्वतःसाठी रडता येत होतं, तेही घरात सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. दुसरं कुठलं गाणं तिला ही मोकळीक देणार होतं?

ती कॅसेट इतकी वेळा मागं घेतली गेली की फीत त्याच जागी ताणली गेली. पेन्सिल घालून आत्या ती नीट गुंडाळायची, तरी आरशाच्या कडव्यापाशी लतादीदींचा आवाज थोडा हेलकावायचा. आता तेच गाणं माझ्या मोबाईलवर आहे, अगदी स्वच्छ. पण ते कडवं आलं की माझा कान त्या हेलकाव्याची वाट बघतो.