चांदी, सिमेंट आणि कॅमेरा : दात भरण्याच्या इतिहासाची एक बाजू

आपल्याकडे कुणी सांगितलं की दात भरून घेतला, की समोरचा हमखास विचारतो, "चांदी भरली की सिमेंट?" या एका प्रश्नात जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आज आपण तो थोडक्यात पाहू. आणि त्यात कॅमेरा कुठून आला, तेही पाहू.

ज्याला आपण चांदी म्हणतो, ती नुसती चांदी नसते. त्यात साधारण निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील आणि थोडं तांबं. मऊ असताना खड्ड्यात दाबून बसवायचं, मग ते कडक होतं. 1826 मध्ये पॅरिसमध्ये ऑग्युस्त तावो यांनी चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात मिसळून दात भरले. त्याआधी चांगलं काम म्हणजे सोन्याचा वर्ख ठोकून ठोकून भरणं. ते टिकायचं खरं, पण महाग, वेळखाऊ आणि सोसायला कठीण.

1833 मध्ये क्रॉकर नावाचे भाऊ हेच मिश्रण घेऊन न्यूयॉर्कला आले. नाव मोठं भारदस्त दिलं, 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम'. सोनं ठोकण्याचा त्रास नाही, काम झटपट. श्रीमंतांची रीघ लागली. पण कीड नीट न काढताच वरून मिश्रण दाबलं जाई. शिवाय ते कडक होताना फुगायचं, त्यामुळे कधी कधी दातच तडकायचा. अमेरिकेतल्या दंतवैद्यांची संघटना 1840 मध्ये स्थापन झाली होती. तिने पुढे सभासदांकडून लिहून घ्यायला सुरुवात केली की आम्ही पारा वापरणार नाही. भांडण इतकं विकोपाला गेलं की 1850 मध्ये ही सक्ती मागे घ्यावी लागली आणि 1856 मध्ये संघटनाच मोडली.

या भांडणात एक गोष्ट आपण लक्षात घेऊ. दोन्ही बाजूंचे डॉक्टर बोलत होते, पण ज्याच्या तोंडात हे सगळं चाललं होतं, त्याला काहीच दिसत नव्हतं. मागच्या दाढेत काय भरलं, कीड काढली की नाही, हे त्याला कळायचं ते दाढ पुन्हा ठणकायला लागल्यावर.

वाद शमायला मोजमाप उपयोगी पडलं. 1895 च्या सुमारास शिकागोचे जी. व्ही. ब्लॅक यांनी मिश्रणाचं फुगणं-आकसणं मोजलं आणि धातूंचं प्रमाण बसवून दिलं. चांदी भरोशाची झाली. एक उणीव मात्र राहिली. हे मिश्रण दाताला चिकटत नाही, नुसतं अडकून बसतं. म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागे, आणि त्यात कीड नसलेला चांगला दातही जाई.

आता आपण अमेरिकेतल्या रॉचेस्टर या गावी जाऊ. कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन इथलेच. गरीब मुलांच्या दातांसाठी त्यांच्या पैशातून इथे एक दवाखाना उभा राहिला. त्याच संस्थेत काम करणाऱ्या मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यात धातूवर फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते दातावर अर्धा मिनिट लावलं. वरचा थर खरखरीत झाला आणि त्यावर प्लास्टिक घट्ट धरलं. पुढे 1962 मध्ये रफाएल बोवेन यांनी नव्या रेझिनचं पेटंट घेतलं. त्यात काचेसारखी बारीक भुकटी मिसळून दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट तयार झालं. आपण बोलताना त्यालाही सिमेंटच म्हणतो. फायदा नुसता रंगाचा नव्हता. दात कमी कोरून भागू लागलं.

आणि योगायोग पाहा. त्याच रॉचेस्टरमध्ये, त्याच ईस्टमन यांच्या कंपनीत, 1975 मध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. चित्र शंभर बाय शंभर ठिपक्यांचं, काळंपांढरं. एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत.

फिल्मच्या काळात दातांचा फोटो नीट आला की नाही, ते रोल धुतल्यावर कळायचं. तोवर पेशंट घरी गेलेला. डिजिटल आल्यावर गाल बाजूला ओढून, आरसा धरून काढलेला फोटो तिथल्या तिथे पडद्यावर दिसू लागला. कीड काढलेला खड्डा, भरल्यानंतरचा दात, वर्षभरानंतरची कड, सगळं समोर ठेवता येतं. डॉक्टरला स्वतःची चूक दिसते, आणि क्रॉकर बंधूंच्या पेशंटला जे कधीच दिसलं नाही, ते आज आपल्याला दिसतं.

पण फोटोही फसवतो, बरं का. दात वाळला की पांढरट दिसतो, म्हणून भरावाचा रंग दात ओला असताना, कामाच्या सुरुवातीलाच जुळवायचा असतो. आणि मोठ्या पडद्यावर वीस वर्षांची भक्कम चांदीसुद्धा काळी, भेसूर दिसते. मग वाटतं, काढूनच टाकू. इथे जरा थांबायला हवं. पर्यावरणात पारा कमी जावा म्हणून 2013 च्या मिनामाता करारात चांदीचा वापर घटवायचं ठरलं, आणि युरोपीय संघाने 2025 पासून, मोजके अपवाद सोडून, ती भरणं बंद केलं. हे नव्या भरावांबद्दल झालं. जुनी, चांगल्या स्थितीतली चांदी वैद्यकीय गरज नसताना काढू नये, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. काढताना चांगला दात थोडा जातोच, आणि पाऱ्याची वाफही काही काळ वाढते.

तेव्हा पडद्यावर आपल्या दाढेचा फोटो पाहिला, की रंगाबद्दल नंतर विचारू. आधी विचारू, "डॉक्टर, कड उघडली आहे का? खाली कीड दिसते का? कुठे, ते दाखवा." कॅमेरा असल्यामुळे हे विचारायची सोय आता आपल्याला आहे.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील, ते घेऊ.