पॅनकेकच्या डब्यावरची बाई

मागच्या रविवारी मी घरी तिरामिसू पॅनकेक केले. वर क्रीम, कॉफी, कोको, सगळा थाट. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अरे, हे तर गोड धिरडंच की. फक्त फुगलंय!"

आजचा एपिसोड त्या 'फक्त फुगलंय'वर.

पूर्वी पीठ फुगवायचं म्हणजे यीस्ट घालून वाट बघा, नाहीतर अंड्याचा पांढरा भाग हात दुखेपर्यंत फेटा. १८४३ मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हतं. मग १८५६ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या एबन हॉर्सफर्डने पिठात घालता येईल अशा फॉस्फेट आम्लाचं पेटंट घेतलं. लॉजिक सोपं आहे. सोडा आणि कोरडं आम्ल डब्यात शेजारी शेजारी गप्प बसतात. पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, बुडबुडे पिठात अडकतात आणि तव्याच्या उष्णतेने तिथेच पक्के होतात. आपण ढोकळ्यात इनो घालतो, तोच खेळ. म्हणूनच भिजवल्यावर फार ढवळायचं नाही. पीठ चिवट होतं आणि गॅसही निघून जातो.

ही पावडर आधीच पिठात मिसळून विकली तर? १८८९ मध्ये मिसुरीतल्या सेंट जोसेफ गावातल्या एका पिठाच्या गिरणीने तेच केलं. पॅनकेकचं रेडीमिक्स! नाव ठेवलं 'आंट जेमायमा'. हे नाव आलं एका गाण्यातून. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या नाटकांत ते गाणं गायलं जायचं.

नावाला चेहरा हवा होता. १८९३ चं शिकागो म्हटलं की आपल्याला विवेकानंद आठवतात. त्याच वर्षी, त्याच शहरातल्या जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन नावाची बाई लोकांसमोर पॅनकेक भाजत होती. १८३४ मध्ये केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेली, नंतर शिकागोत एका कुटुंबाकडे स्वयंपाक करणारी. कंपनीने तिला काम दिलं ते हसऱ्या, मालकावर जीव लावणाऱ्या 'आंटी'चं. म्हणजे जिने गुलामी भोगली, तिनेच ती गोड करून सांगायची!

मिक्स तुफान चाललं. नॅन्सी १९२३ मध्ये शिकागोत मोटारीच्या धडकेने गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, कंपनीने ते नाव आणि चित्र काढून टाकायचं जाहीर केलं. पुढे ही भूमिका केलेल्या काही बायकांच्या घरच्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, चेहरा पुसला तर आमच्या माणसांचं कामही पुसलं जाईल. त्याच सप्टेंबरमध्ये ब्रॉन्झव्हिल हिस्टॉरिकल सोसायटीच्या प्रयत्नांतून नॅन्सीच्या कबरीवर दगड बसला. ९७ वर्षांनी!

२०२१ मध्ये डब्यावर नवं नाव आलं, 'पर्ल मिलिंग कंपनी'. म्हणजे जुन्या गिरणीचंच. गिरणीला तिचं नाव परत मिळालं. नॅन्सीचं नाव मात्र डब्यावर तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

म्हणून आज तुम्हाला सांगितलं. पुढच्या वेळी पॅनकेक उलटताना ते नाव एकदा घ्या. नॅन्सी ग्रीन. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!