खिशातला चाकू आणि धारेची किंमत

आपल्या मराठी स्वयंपाकघरात राज्य विळीचे. पाते जागेवर स्थिर आणि भाजी हलती, अशी ही उलटी तऱ्हा. त्यामुळे चाकू हे आपल्याकडे मूळचे स्वयंपाकघरातले हत्यार नव्हे. 'सुरी' हा शब्द संस्कृत 'क्षुरिका'वरून आला, तर 'चाकू' तुर्की-फारसीतून. फारसीत आणखी एक सुरेख शब्द आहे, 'कलमतराश', म्हणजे लेखणी तासणारा. बोरूने कित्ता गिरवलेली जी थोडी मंडळी अजून आपल्यात आहेत, त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. बोरूची तिरपी छाट नीट जमली तरच अक्षराला जाड-बारीक वळण येते, आणि छाट जमायला हवा लहान, अरुंद, धारदार चाकू.

गंमत म्हणजे इंग्रजीतल्या 'पेननाइफ'ची जन्मकथाही हीच. तिकडे बोरूऐवजी हंसाचे पीस होते, एवढाच फरक. पिसाचे टोक लिहिता लिहिता झिजायचे, ते पुनःपुन्हा कापावे लागायचे. म्हणून कारकून, पाद्री, शाळामास्तर सगळ्यांच्या जवळ लहानसा चाकू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्मिंगहॅममध्ये यंत्रावर पोलादी निबे बनू लागली आणि पिसे मागे पडली, पण चाकूचे नाव तेच राहिले. म्हणजे आज ज्याला आपण खिशातला चाकू म्हणतो, तो अर्धा लेखणीचा भाऊ आहे. मी जन्मभर खडू-फळ्याची नोकरी केली. निवृत्तीनंतर हा छंद का जडला असे नातेवाईक विचारतात, त्यांना एवढे उत्तर पुरावे.

घडीचा चाकू तसा फार जुना. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचा घडीचा चाकू सापडला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले एक चांदीचे अवजार आहे. त्यात लोखंडी पाते, चमचा, काटा, टोच्या अशी सगळी मंडळी एकाच मुठीत घडी होऊन बसतात. आपण स्विस चाकूचे कौतुक करतो, त्याचा हा पूर्वज सुमारे १७०० वर्षांपूर्वीचा.

पण चाकू सामान्य माणसाच्या खिशात नेऊन ठेवला तो इंग्लंडमधल्या शेफील्ड गावाने. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका कथेतल्या गिरणीवाल्याजवळ शेफील्डचा चाकू दाखवला आहे, म्हणजे तेव्हाही गावाचे नाव झालेले होते. कारणे भूगोलाच्या तासाला सांगावीत अशी. डोंगरातून उतरणाऱ्या पाच लहान नद्या, त्यांवर पाणचक्क्या, आणि धार लावायच्या चाकांना लागणारा खरखरीत वालुकाश्म जवळच्याच खाणीत. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तिथे चाकू-सुऱ्या बनवणाऱ्यांची पंचायत म्हणावी अशी संस्था स्थापन झाली. कोणी कोणते चिन्ह पात्यावर ठोकायचे, शिकाऊ मुलाने किती वर्षे उमेदवारी करायची, हे ती ठरवी. पुढे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने, घड्याळाच्या स्प्रिंगा चांगल्या निघेनात म्हणून, मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची पद्धत बसवली. घड्याळासाठी केलेला खटाटोप चाकूच्या कामी आला.

एक चाकू एक माणूस करीत नसे. एक जण पाते घडवी, दुसरा त्याला चाकावर धार देई, तिसरा स्प्रिंग, पाते आणि मूठ जुळवून चाकू उभा करी. भाड्याच्या खोलीत एक-दोन माणसांनिशी काम करणाऱ्या या कारागिरांना तिकडे 'लिटल मेस्टर' म्हणत, आपल्या भाषेत 'छोटे उस्ताद'. मोठ्या पेढ्याही होत्या. त्यांत सर्वांत मोठे नाव जोसेफ रॉजर्स. चांदणी आणि माल्टी क्रूस हे त्यांचे चिन्ह. १८२२ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून त्यांना राजमान्यता मिळाली. त्या साली त्यांनी १८२२ पात्यांचा एक चाकू बनवला आणि पुढे सालागणिक पाती वाढवत नेली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा आणि अवजारांचा प्रचंड 'नॉरफोक चाकू' केला. तो खिशात मावणारा नव्हता हे उघडच आहे, पण मालाची जाहिरात झाली. रॉजर्सचा माल मुंबई-कलकत्त्यापर्यंत येत असे. जुन्या घरांच्या फडताळांत अजून कुठे कुठे त्यांचा चाकू निघतो तो त्यामुळेच.

इथवरची गोष्ट संग्राहकांच्या पुस्तकांत असते. पण हा छंद पुढे वाचनाकडे घेऊन गेला आणि एका ठिकाणी मी थांबलो, ते सांगण्यासाठीच हा लेखाचा खटाटोप.

पात्याला धार लावणारा माणूस वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर ओणवा बसे. पोलादाची आणि दगडाची धूळ थेट नाकातोंडात जाई. काही कामे ओल्या दगडावर होत, काही कोरड्या. काटे, सुया यांचे काम कोरड्यावर, आणि तेच सर्वांत घातक. शेफील्डच्या एका डॉक्टरांच्या, डॉ. नाइट यांच्या नोंदी एंगेल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात घेतल्या आहेत. कोरड्या दगडावर काम करणाऱ्याचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षे, ओल्या दगडावरचा क्वचित ४५ ओलांडी. लहान वयात दम लागायचा, खांदे वर यायचे, आडवे झोपता यायचे नाही, आणि मग शेवट. आज आपण या रोगाला सिलिकोसिस म्हणतो.

उपाय नव्हता असेही नाही. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अब्राहम नावाच्या गृहस्थांनी लोखंडाचा कीस ओढून घेणारे चुंबकाचे साधन सुचवले होते. पुढे धूळ खेचणारे पंखेही आले. पण कारागिरांनी अशी साधने नाकारली, काही ठिकाणी तर मोडून टाकली. का? तर काम निर्धोक झाले की आणखी माणसे या धंद्यात शिरतील आणि मजुरी उतरेल! मरणाची भीती हीच त्यांच्या मजुरीची राखणदार होती. आयुष्य थोडे, पण पैसा बरा, असा तो हिशोब. इतिहास शिकवताना 'औद्योगिक क्रांतीचे परिणाम' या प्रश्नाला मुले पाच मुद्दे लिहीत आणि मी पाच गुण देई. पण त्या पाच मुद्द्यांत हा हिशोब कुठेच बसत नाही.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून द्यावे, तर तेही जमत नाही. आपण ज्या पाटीवरच्या पेन्सिलीने 'ग म भ न' गिरवले, ती पेन्सिल बहुधा मध्य प्रदेशातल्या मंदसौरकडच्या दगडाची असे. तो दगड कापणाऱ्या मजुरांना हाच रोग होत होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने तिथे अभ्यास केले आणि १९८२ मध्ये मध्य प्रदेशात स्लेट-पेन्सिल कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. म्हणजे इंग्रज कारकुनाच्या पिसाला टोक देणारा चाकू आणि आपल्या हातातली पाटीवरची पेन्सिल, दोन्हीमागे कोणाचे तरी फुप्फुस होते. अक्षर ओळखीची ही किंमत आपल्याला कोणी सांगितली नव्हती.

मुठीचीही अशीच कथा. शिंग, हाड, लाकूड, शिंपले यांबरोबर हस्तिदंत सर्रास वापरात होता आणि रॉजर्सच्या तळघरांत हस्तिदंतांचे ढीग असत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताच्या व्यापारालाही बंदी आली. म्हणून कोणाच्या घरी पांढऱ्या मुठीचा चाकू निघाला तर तो विकायचा विचार मनात आणू नये. नवख्या संग्राहकाने तर अशा चाकूच्या वाटेला जाऊच नये. शिंगाच्या, लाकडाच्या मुठी काही कमी देखण्या नसतात.

आता थोडे जतनाविषयी, कारण हा प्रश्न मला हमखास विचारला जातो.

जुना चाकू हाती आला की आधी पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून असलेला ठसा भिंगाने वाचावा. रॉजर्सच्या पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर ही अक्षरे असतील तर तो साधारणपणे व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १९०१ पर्यंतच्या काळातला. जी आर असेल तर जॉर्ज राजांच्या. 'इंग्लंड' असा देशाचा उल्लेख असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने तेव्हापासून मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. नकली मालही खूप होता. खोट्या व्यापारचिन्हांविरुद्ध १८८७ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला, त्यामागे शेफील्डकरांच्या तक्रारी होत्या. तेव्हा नावातले प्रत्येक अक्षर तपासून घ्यावे.

हा ठसा म्हणजे चाकूचा जन्मदाखला. म्हणून पाते लखलखीत करण्याच्या नादात पॉलिश पेपर चालवू नये. जुन्या पोलादावर येणारी करडी-निळसर झाक हा गंज नव्हे, उलट ती पात्याला थोडेफार सांभाळते. लाल, भुरभुरीत दिसतो तो गंज. त्यावर शिवणयंत्राचे तेल लावून एक दिवस ठेवावे आणि तांब्याच्या नाण्याच्या कडेने किंवा बारीक लोखंडी लोकरीने हलक्या हाताने काढावा. सांध्यात अडकलेली धूळ दातकोरणीने काढून तिथे तेलाचा एकच थेंब सोडावा. खोबरेल किंवा गोडे तेल वापरू नये, ते काही दिवसांनी चिकट होते. आपल्या पावसाळ्यात चाकू कातडी म्यानात ठेवू नये, कातडे ओल धरते. सुती कापडात गुंडाळून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. शिंगाची मूठ उन्हात तडकते, तिला ऊन दाखवू नये. पाते मिटताना सोडून देऊन 'खट्' आवाज काढण्याचा मोह आवरावा, त्याने धार आतल्या स्प्रिंगवर आपटते.

आणि चाकू वापरावा. माझ्याजवळच्या अकरांपैकी तीन रोजच्या कामात आहेत. पेरू कापायला, सुतळी तोडायला, पाकिटे उघडायला.

इतर देशांच्या चाकूंच्या कथाही शिक्षकाला खुणावणाऱ्या आहेत. स्वित्झर्लंडचे कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली ईबाख गावी कारखाना काढला. तेव्हा तो देश गरीब होता, तरुण पोटासाठी परदेशी जात. सैन्याचे चाकू जर्मनीहून येत, ते गावातच बनावेत म्हणून त्यांनी कारागिरांना एकत्र केले आणि १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू पुरवले. १८९७ साली त्यांच्या सुप्रसिद्ध अधिकारी-चाकूची नोंदणी झाली. आज तो विमानात हातातल्या सामानात नेता येत नाही. २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतरच्या निर्बंधांचा त्या धंद्याला मोठा फटका बसला होता.

जपानची गोष्ट मला अधिक लागते. तिथे १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि लोहारांना कामधंदा बदलावा लागला. १८९० च्या दशकात मिकी गावात 'हिगोनोकामी' हा साधा, स्वस्त, घडीचा चाकू बनू लागला. पुढे शाळकरी मुले त्याने पेन्सिलीला टोक करीत. १९६० च्या ऑक्टोबरात समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा भर सभेत १७ वर्षांच्या मुलाने खून केला. शस्त्र होते आखूड तलवार, पण त्यानंतर मुलांच्या हाती चाकू नको अशी मोहीम झाली आणि हिगोनोकामीचे कारखाने एकामागून एक बंद पडले. आता ते नाव चालवणारे एकच घराणे उरले आहे.

आपल्याकडे रामपुरीचे जवळपास हेच झाले. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे कसबी कारागीर, पण हिंदी सिनेमाने तो चाकू गुंडाच्या हातात दिला आणि नाव कायमचे डागाळले. २०२३ मध्ये रामपुरात चौकात सुमारे २० फुटांचा चाकू उभारला गेला. लहान चाकू खिशातून गेला की मोठा चौकात येतो!

दप्तरातला चाकू काढून घेणे हे शिक्षक म्हणून आमचे काम होते, आणि चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात ते योग्यच होते. पण धार असलेली वस्तू विश्वासाने हाती देणे आणि ती तशीच परत घेणे, हा शिक्षणाचा एक धडा होता. तो शाळेत जमत नसेल तर घरी, आजी-आजोबांच्या देखरेखीखाली जमावा असे मला वाटते. माझ्या नातीला मी नऊ वर्षांची झाल्यावर पेन्सिलीला चाकूने टोक करायला शिकवले. पाते नेहमी अंगापासून दूर, अंगठा मागे, घाई नाही. तिच्या आईला आधी काळजी वाटली, आता तीच पेरू कापायला माझा चाकू मागते.

शेफील्डचे शेवटच्या पिढीतले नावाजलेले 'छोटे उस्ताद' स्टॅन शॉ वयाच्या १४ व्या वर्षी कामाला लागले आणि २०२१ साली ९४ व्या वर्षी वारले. त्यांच्या आधीच्या धार लावणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना त्याच्या निम्मेही आयुष्य मिळाले नाही, आणि पात्यावर त्यांचे नाव कधीच नव्हते, नाव पेढीचे. म्हणून रविवारी डबा उघडून तेलाचा बोळा फिरवताना माझा हात जरा हलका पडतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा जुना चाकू असेल तर भंगारात टाकण्याआधी एकदा ठसा वाचावा आणि तो आजोबांनी कशासाठी वापरला, हे घरातल्या थोरांना विचारून ठेवावे. गंज काढता येतो. ती माहिती मात्र माणसाबरोबर गेली की गेली.